जिन्यात खालचा बोलतो

सामान हलवणाऱ्यांच्या त्या घरात एक नियम होता, आणि तो सगळ्यांच्या इतका अंगवळणी पडला होता की नव्या पाहुण्याला ही माणसं जरा चक्रमच वाटायची. दोघांनी मिळून काहीही उचलायचं असलं, मग ते लोखंडी कपाट असो नाहीतर गरम पाण्याचं पातेलं, तर एकाने विचारायचं, "घेऊ?" दुसऱ्याने म्हणायचं, "घे." त्याशिवाय कुणाचा हात हलायचा नाही. जिन्यात तर नियम आणखी कडक. तिथे खालचा माणूस बोलणार आणि वरचे मुकाट ऐकणार. सामान उतरवताना सगळा भार खालच्याच्या छातीवर येतो, आणि काही चुकलंच तर चेंदामेंदाही त्याचाच होतो. वर उभं राहून शहाणपण शिकवायला कुणाच्या बापाचं काय जातं?

नियम आजोबांनी घालून दिलेला. आजोबा गेले, पण ट्रक, पट्टे, जुनी गोधडी आणि हा नियम तीन मुलांना देऊन गेले. थोरला, मधला आणि धाकटा. तिघेही असे धिप्पाड की केबिनमध्ये एकत्र बसले की एकाचा दंड खिडकीबाहेर काढावा लागायचा. जिन्यात खाली उभा राहायचा तो थोरलाच. बोलायला कमी, रागाला पक्का.

आणि या थोरल्याची एकुलती एक मुलगी कशी, तर चिमूटभर. खायची प्यायची चांगली, आजारीपाजारीही नसायची, पण वाढायचं काही नाव घेत नव्हती. आजोबांनी तिचं नाव मुंगी ठेवलं होतं आणि घरात तेच चाललं. पण मुंगीची नजर अशी तयार की दारात उभी राहून नुसतं बघायची आणि सांगायची, सोफा उभा जाईल की आडवा. सुट्टीत ती ट्रकबरोबर जायची आणि जिन्यात काकांच्या पुढे उलटं चालत ओरडायची, "एक पायरी. अजून एक. आता वळण." घामाघूम झालेले तीन रेडे तिच्या तालावर उतरायचे.

ती मुंगी आठवीत गेली, म्हणजे मोठ्या शाळेत. थोरल्याला काय कौतुक! स्वतः तो सातवीनंतर ट्रकवर चढलेला. पहिल्या दिवशी त्याने तिला गणवेशात बघितलं. बाह्या दोनदा दुमडलेल्या, दप्तर तिच्यापेक्षा रुंद. त्याला हसूही आलं आणि भरूनही आलं. "जा," एवढंच म्हणाला.

आठवडाभरात मुंगी बोलायची बंद झाली. शाळा कशी आहे विचारलं तर "बरी आहे." मैत्रिणी झाल्या का विचारलं तर "होतील." थोरल्याला वाटलं, मोठी होतेय, मोठ्या पोरी अशाच असतात. पण मुंगीची आई काही अशी फसणारी बाई नव्हती. तिघा भावांच्या धंद्यातलं बांधाबांधीचं काम तिच्याकडे होतं. काचेचं सामान गुंडाळणं, खोकी भरणं, आणि कपाट हलवण्याआधी त्याचं डोकं पुसणं. एका संध्याकाळी तिने मुंगीचा गणवेश भिजवायला घेतला आणि स्कर्टची मागची बाजू उजेडात धरून बघत राहिली. काळपट, चिकट, लोकरीसारखी जमलेली धूळ. अशी धूळ जमिनीवर नसते, बाकावर नसते. ती एकाच ठिकाणी जमते.

"कपाटावर कशाला चढली होतीस गं?" तिने विचारलं.

मुंगी पुस्तकात बघत म्हणाली, "चढले नाही. मला ठेवलं."

थोरला दारात बूट काढत होता. एक बूट पायात, एक हातात, तो तसाच थांबला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दहावीतल्या पाच-सहा मुली होत्या. त्यांची म्होरकी शाळेच्या खेळाच्या संघाची कॅप्टन, उंचीपुरी, मनगटात जोर. सगळी शाळा तिला कॅप्टनच म्हणायची. मुंगी दिसली की या मुली "पार्सल आलं, पार्सल" करत तिला उचलायच्या, हातोहात पुढे द्यायच्या आणि वरच्या मजल्यावर जिन्याजवळ नकाशांचं उंच कपाट होतं त्याच्या डोक्यावर नेऊन ठेवायच्या. मग खाली उभ्या राहून हसायच्या. घंटा झाली की निघून जायच्या. शिपाई मामांना दिसली तर ते शिडी आणायचे, नाहीतर मुंगी लटकून उडी मारायची. बाकीची मुलं हसायची, कारण हसलं नाही तर पुढचा नंबर आपला.

"उद्या येतो शाळेत," थोरला म्हणाला.

"नको," मुंगी म्हणाली. "मी बघते. तू येऊ नकोस, बाबा."

"बरं."

"नक्की?"

"बरं म्हणालो ना."

आता बाप म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला ट्रक फाटकासमोर उभा. थोरला उतरला, मधला उतरला, धाकटा उतरला. तिघे हाताची घडी घालून ओळीत उभे राहिले. कुणाला चकार शब्द बोलले नाहीत, पण तीन कपाटं रस्त्यात उभी केल्यावर बोलायला लागतं कशाला? कॅप्टन आणि तिच्या मुली बाहेर आल्या, यांना बघितलं आणि भिंतीच्या कडेकडेने सटकल्या. मग थोरला आत मुख्याध्यापक बाईंना भेटला. बाई भल्या होत्या. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मी बोलते त्यांच्याशी म्हणाल्या, आणि जाता जाता विचारलं, तुम्ही काम काय करता? भांडायला गेलेला हा गडी आपलं कार्ड टेबलावर ठेवून आला. धाकटा त्यावरून त्याला वाटभर चिडवत होता.

बाई बोलल्या, मुली म्हणाल्या गंमत होती, आणि तेव्हापासून मुंगीला कुणी हात लावला नाही. थोरल्याने छाती फुगवली. काम फत्ते.

पण मुंगीचं तोंड काही उघडेना. उलट ती आणखी आत गेली. शेवटी एका रविवारी ट्रक धुताना थोरल्याने विचारलं, "आता कुणी उचलत नाही ना?"

"नाही," मुंगी म्हणाली. "आता कुणी शेजारी बसतही नाही. माझ्याशी बोललं तर ट्रक येतो म्हणतात. मी वर्गात गेले की मागून हॉर्नचा आवाज काढतात." तिने फडकं पिळलं. "मला एक मैत्रीण होत होती, बाबा. बाकावरची. ती पण उठून गेली."

थोरल्याने नळी चाकाकडे वळवली.

"तू विचारलं नाहीस," मुंगी म्हणाली.

"काय?"

"घेऊ का म्हणून. मी नको म्हटलं होतं, तरी तू उचललंस."

एवढ्या वर्षांत थोरल्याच्या हातून एकदाही सामान निसटलं नव्हतं. बोटं चेमटली, पाठ धरली, पण काचेला तडा नाही. आणि इथे पोटची पोर सांगत होती की बाबा, तू पाडलंस. तिचं एक अक्षर खोटं नव्हतं. कॅप्टनने न विचारता उचललं आणि त्याने पण न विचारताच उचललं. त्या विचाराने त्याला स्वतःची लाज वाटली. तो पाण्याची नळी धरून नुसताच उभा राहिला, आणि ट्रकचं एकच चाक बराच वेळ धुतलं गेलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "या जिन्यात खालची तू आहेस. आता तू बोलशील, मी ऐकेन. काही झालं तरी."

"काही झालं तरी?"

"हो."

मुंगीने त्याच्याकडे जरा संशयानेच बघितलं. तिचंही बरोबर होतं म्हणा, मागचं "बरं" ताजं होतं.

पुढे काही दिवसांनी शाळेतून फोन आला. कचेरी खालच्या मजल्यावर हलवायची होती. टेबलं, खुर्च्या शिपाई मामांनी आणि मुलांनी नेल्या, पण एक जुनी लोखंडी तिजोरी होती, ती कुणाला दाद देत नव्हती. बाईंना कार्ड आठवलं. मधल्याने काम घेऊनही टाकलं असतं, पण थोरला म्हणाला, थांब, विचारून सांगतो. मधला डोळे विस्फारून बघायला लागला. कामाला हो म्हणायला थोरला कुणाला विचारणार?

रात्री जेवताना त्याने मुंगीला विचारलं, "तुझ्या शाळेत काम आहे. येऊ?"

मुंगीने बराच विचार केला. "ये," ती म्हणाली. "पण फक्त कामाला ये."

"फक्त कामाला."

तर असे ते तिघे तिजोरीला पट्टे बांधून वरच्या मजल्यावरून निघाले. जिना अरुंद, पायऱ्या झिजलेल्या. वर मधला आणि धाकटा पट्टे धरून, खाली थोरला, खांदा तिजोरीला लावून. एकेक पायरी करत ते पहिल्या वळणाच्या वर आले, तिजोरी पायरीच्या काठावर तिरकी टेकली, सगळा भार थोरल्याच्या खांद्यावर आला, आणि नेमकी तेव्हाच मधल्या सुट्टीची घंटा झाली. वरच्या मजल्यावर पावलांचा एकच गोंधळ उडाला. आणि मग त्याला ऐकू आलं.

"पार्सल! पार्सल आलं!"

हसण्याचा मोठा लोट आला. जिन्याच्या तोंडाशी, दहा-बारा पायऱ्या वर, तेच कपाट. थोरल्याला भिंतीखेरीज काही दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. त्याचं डोकं फिरलं. त्याच्या मनाने तो कधीच वर पोचला होता, त्या पोरीला दंडाला धरून बाईंसमोर उभंही केलं होतं. पण खांद्यावर तिजोरी होती. त्याने खांदा काढला असता तर तिजोरी खाली, आणि पट्टे हाताला गुंडाळलेले दोघे भाऊ तिच्याबरोबर. तो हलू शकत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तो दुसऱ्याच्या हातातल्या सामानासारखा नुसता होता तिथे होता.

"दादा," मधला वरून हळूच म्हणाला. त्यालाही ऐकू येत होतं. "काय करू?"

"थांब," थोरला म्हणाला. दात इतके आवळले होते की शब्द कसाबसा निघाला.

आणि मग मुंगीचा आवाज आला. पण तो कपाटाच्या डोक्यावरून आला नाही, कपाटापुढच्या जमिनीवरून आला. कपाटावर दुसरीच कुणीतरी होती. मुंगी नाही म्हणून या मुलींनी आठवीतली दुसरी एक बारकी पोर शोधली होती, चष्मा लावणारी, आणि ती वर बसून हुंदके देत होती. मुंगीला आज कुणी हात लावला नव्हता. ती डबा खात गप्प बसली असती तर कुणी तिला नाव ठेवलं नसतं.

"गप्प बसा सगळे," मुंगी म्हणाली.

ती ओरडली नाही. जिन्यातला आवाज होता तो. थोरला स्वतः तसाच बोलायचा, आजोबा तसेच बोलायचे. गलका जरा ओसरला.

"खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ," मुंगी वरच्या मुलीला म्हणाली. "उतरायचंय?"

"हो."

"मी घेऊ?"

कॅप्टनचा आवाज आला, "अगं ओढ ना तिला, नाटकं कसली करतेस?"

"तू थांब," मुंगी म्हणाली. "पडली तर तिला लागणार आहे, तुला नाही. ती सांगेल तेव्हा घेऊ."

"मला भीती वाटतेय," वरची मुलगी म्हणाली.

"वाटणारच. उंच आहे ते. मी बसलेय तिथे, मला माहितीय. घाई नाही आपल्याला. मी इथेच उभी आहे."

आणि मुंगी खरंच उभी राहिली. काही बोललीही नाही. थोरल्याला जिन्यात सगळं उमगत होतं. अशा वेळी वरचा घाबरला की नुसतं उभं राहायचं असतं, हे त्याने तिला सांगितलेलं नव्हतं. तिने ते ट्रकबरोबर फिरताना बघून बघून उचललं होतं. सुट्टीत एवढी पोरं एका जागी असून शांतता झाली. आता हसावं की नाही हे कुणाला कळेना.

"मला एकटीला पेलायची नाही," मुंगी पुढे म्हणाली. "दुसऱ्या बाजूला कुणीतरी पाहिजे. कोण येतं?"

कुणी हललं नाही. थोरल्याचे डोळे भरून आले. दोन पोरी दोन काखेत घेऊन तो जिना उतरला असता, आणि इथे त्याची मुंगी भर शाळेत एक हात मागत होती आणि तो त्याला देता येत नव्हता. खांद्यावर तिजोरी थरथरली. मधला वरून कुजबुजला, "दादा, सांभाळ."

एक पाऊल वाजलं. "मी येते," कुणीतरी म्हणालं. कॅप्टनच्या टोळीतलीच एक होती, आवाज जरा ओशाळलेला.

"ही चालेल?" मुंगीने वर विचारलं.

"नको," वरची मुलगी म्हणाली.

"बरं. ती नको म्हणतेय, तू मागे हो." मुंगीच्या आवाजात राग नव्हता. "आणखी कोण?"

"मी," दुसरा आवाज आला. "मी येते, मुंगी."

घरातलं नाव शाळेत कुणी सांगितलं असेल, तर मुंगीनेच, आणि ते फक्त बाकावरच्या त्या मैत्रिणीला. थोरल्याने लगेच ओळखलं.

"ही चालेल?"

"हो."

"इकडून धर. पाय आधी खाली सोड गं. असा. घेऊ?"

जिन्यात तीन भाऊ श्वास रोखून उभे होते.

"घे," वरची मुलगी म्हणाली.

दप्तरं सरकल्याचा आवाज, बुटांची खरखर, आणि दोन पाय जमिनीला लागल्याचा छोटासा धप्प आवाज आला. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. कॅप्टनला मात्र राहवलं नाही. "झालं का?" ती म्हणाली. "आता ट्रक बोलाव तुझ्या बाबांचा."

"ट्रक खालीच उभा आहे," मुंगी म्हणाली. "बाबा जिन्यात आहे. दोन्ही काका पण आहेत. मी हाक मारली नाही, कारण मला गरज लागली नाही."

कॅप्टनने जिन्याकडे वळून बघितलं. पट्टे धरून उभे असलेले मधला आणि धाकटा तिला तिथून दिसले असणार. तिच्या टोळीतली ती ओशाळलेली मुलगी मात्र तिच्याजवळून निघाली आणि चष्मेवालीचा खाली पडलेला डबा उचलून तिच्यासमोर धरून उभी राहिली.

"दादा," मधला हळूच म्हणाला. "घेऊ?"

आता थोरल्याने नुसतं "घे" म्हणायचं होतं. एवढासा शब्द, दिवसातून शंभरदा तोंडातून जाणारा. तो तोंड उघडायचा आणि शब्द घशातच अडकायचा. अभिमानाने ऊर भरून येतो म्हणतात ना, तसं खरोखर त्याचं झालं होतं, आणि वरून त्याच उरावर तिजोरी. दुःखात माणूस कसंही करून बोलतो, पण या असल्या आनंदात त्याची पार बोबडी वळली. आणि खालचा बोलल्याशिवाय वरच्यांनी हलायचं नाही. मग काय, मधला उभा, धाकटा उभा, तिजोरी उभी.

"दादा?" धाकट्याने विचारलं. "बरा आहेस ना?"

मुंगीने ते ऐकलं. ती काकांच्या मधून वाट काढत, भिंतीला अंग चोळत, तिजोरीच्या बाजूने सरकून खाली बाबाजवळ आली. बरी लहान होती म्हणून मावली. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. गालावरून घाम गळत होता, आणि नुसता घामच नव्हता.

"ऐकलंस?" तिने विचारलं.

थोरल्याने मान हलवली.

"बोलवत नाहीये?"

त्याने पुन्हा मान हलवली.

मुंगी दोन पायऱ्या आणखी खाली गेली आणि त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली, सुट्टीत उभी राहायची तशी. वर जिन्याच्या कठड्याला सगळी आठवी लोंबकळत होती, मागे दहावी होती, त्यात कॅप्टनही होती, कठडा घट्ट धरून.

"बाबा," मुंगीने विचारलं, "मी सांगू?"

थोरल्याने तिच्याकडे बघितलं आणि जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, "सांग."

"काका, घ्या," मुंगी म्हणाली. "एक पायरी."

तिजोरी एक पायरी उतरली.

"अजून एक. हळू. आता वळण आहे, धाकटे काका, डावीकडून."

खाली कचेरीच्या दारापर्यंत ती उलटी चालत राहिली, आणि तिच्या शब्दाआधी तिघांपैकी एकानेही पाऊल टाकलं नाही.